हृदयाचा पेशंट परत ॲडमिट झाला म्हणजे उपचार फसला?

हार्ट फेल्युअर (हृदय शरीराला पुरेसं रक्त पुरवू न शकणं, त्यामुळे अंगात पाणी साठून दम आणि सूज येते) आणि हार्ट अटॅकच्या पेशंटांबद्दल एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डिस्चार्जनंतर महिन्याभरात पेशंट परत ॲडमिट झाला, तर पहिला उपचार चुकला असं समजा. जिथे पेशंट कमी परत येतात, ते हॉस्पिटल चांगलं. घाई करू नका, जास्त दिवस ठेवून घ्या. घरी आल्यावर दम आणि सूज गेली की गोळ्या कमी करत न्या, कारण किडनी त्या गोळ्यांनीच जाते. आणि घरी मॉनिटर बसवला की पुन्हा हॉस्पिटलची पायरी चढावी लागत नाही.

पहिले दोन दावे हॉस्पिटल निवडताना दिशाभूल करतात. गोळ्यांचा दावा मात्र जीव घेऊ शकतो, म्हणून त्याच्यावर जास्त लिहिलं आहे.

"महिन्याभरात परत आला म्हणजे उपचार चुकला"

३० दिवसांची मुदत हृदयाने ठरवलेली नाही. अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्यानुसार मेडिकेअर या सरकारी विम्याने ऑक्टोबर २०१२ पासून हॉस्पिटलांच्या रकमेत कपात सुरू केली. हार्ट फेल्युअर, हार्ट अटॅक आणि न्यूमोनियाचे पेशंट अपेक्षेपेक्षा जास्त संख्येने ३० दिवसांत परत आले की दंड, आधी कमाल १ टक्का आणि दोन वर्षांनी ३ टक्के. हिशेबासाठी कुठेतरी रेघ मारावी लागते, ती तिथे मारली गेली.

ही माणसं परत कशासाठी येतात, हे मेडिकेअरच्याच २००७ ते २००९ च्या नोंदींतून दिसतं. हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट झालेल्या ६५ वर्षांवरच्या पेशंटांपैकी सुमारे २५ टक्के महिन्याभरात परत आले. पण त्या परत आलेल्यांपैकी पुन्हा हार्ट फेल्युअरसाठीच आलेले फक्त ३५ टक्के होते. बाकीच्यांना किडनीचा त्रास, न्यूमोनिया, रक्तातला जंतुसंसर्ग, ठोक्यांची अनियमितता अशा वेगवेगळ्या गोष्टींनी परत आणलं. हार्ट अटॅकनंतर परत आलेले साधारण २० टक्के, आणि त्यांच्यात दुसरा अटॅक आलेला दहांत एकच.

ॲडमिट होणं हाच शरीरावर एक घाला असतो. झोप मोडते, जेवण निम्म्यावर येतं, पडून राहिल्याने मांड्यांचे स्नायू आठवड्याभरातच उतरतात, औषधं एकदम बदलतात. सत्तरीतला माणूस अशा अवस्थेत घरी जातो तेव्हा हृदय सुधारलेलं असूनही तो पडू शकतो किंवा त्याला संसर्ग होऊ शकतो.

काही वेळा तर परत येणं हाच उपचार असतो. अटॅकच्या वेळी बंद पडलेली रक्तवाहिनी लगेच उघडतात आणि दुसऱ्या वाहिनीतला मोठा अडथळा काही दिवसांनी, पेशंट स्थिर झाल्यावर काढतात. २०१९ च्या 'कम्प्लीट' नावाच्या वैद्यकीय चाचणीत असे उरलेले अडथळेही काढलेल्या गटात हृदयविकाराने मृत्यू किंवा नवा अटॅक ७.८ टक्क्यांना आला; फक्त पहिली वाहिनी उघडलेल्या गटात १०.५ टक्क्यांना. दुसरी अँजिओप्लास्टी ४५ दिवसांपर्यंत करायची मुभा होती. अशा पेशंटचं 'परत ॲडमिट होणं' हे ठरवून केलेलं काम आहे.

हॉस्पिटलची चूक कधीच नसते, असं मात्र अजिबात नाही. पेशंट तिसऱ्या-चौथ्या दिवशी तसाच दम लागून, तशीच सूज येऊन परत आला, तर अंगात पाणी शिल्लक असताना घरी सोडलं गेलं का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. डिस्चार्ज कार्डावर घरी जातानाचं वजन लिहिलेलं नसेल, तर उत्तर शोधणंही अवघड होतं.

"कमी पेशंट परत येतात ते हॉस्पिटल चांगलं"

या दाव्यातली सगळ्यात मोठी फट अशी की मेलेला माणूस परत ॲडमिट होत नाही. ज्या हॉस्पिटलात गंभीर पेशंट जास्त संख्येने दगावतात, तिथून घरी जाणारे मुळातच तब्येतीने बरे असतात आणि परत येणाऱ्यांचा आकडा आपोआप छान दिसतो. जिथे अगदी खालावलेले पेशंटही वाचवून घरी पाठवले जातात, तिथे तो आकडा चढतो.

मेडिकेअरच्या हॉस्पिटलांवरचं एक मोठं विश्लेषण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. हार्ट अटॅकच्या बाबतीत हॉस्पिटलचा मृत्युदर आणि परत येण्याचा दर यांचा एकमेकांशी जवळजवळ काहीच संबंध निघाला नाही. हार्ट फेल्युअरमध्ये तर संबंध किंचित उलटा होता: मृत्युदर कमी असलेल्या ठिकाणी परत येणारे थोडे जास्त. पुढे दंड सुरू झाल्यावर एका मोठ्या अमेरिकन नोंदवहीत हार्ट फेल्युअरचे ३० दिवसांत परत येणारे पेशंट २० टक्क्यांवरून १८.४ टक्क्यांवर उतरले, पण त्याच पेशंटांत ३० दिवसांतले मृत्यू ७.२ वरून ८.६ टक्क्यांवर चढले. दंडामुळेच मृत्यू वाढले का, यावर संशोधकांत वाद आहे; दुसऱ्या विश्लेषणांत तसा संबंध सापडला नाही. पण परत येणं कमी झालं म्हणजे पेशंटचं भलं झालं, एवढं गृहीत धरता येत नाही, हे त्या वादातूनच दिसतं.

आकडा कसा मोजला, तेही पाहावं लागतं. कॅज्युअल्टीत रात्रभर ठेवून, इंजेक्शन देऊन सकाळी घरी पाठवलं तर बऱ्याच हिशेबांत ते 'ॲडमिट' धरलं जात नाही. पेशंट दुसऱ्याच हॉस्पिटलात गेला तर पहिल्याला त्याचा पत्ताही नसतो. शिवाय संख्या लहान असली की टक्केवारी डोळ्यांत धूळ फेकते. वर्षाला हार्ट फेल्युअरचे ४० पेशंट पाहणाऱ्या ठिकाणी ८ परत आले तर २० टक्के होतात, ११ आले तर २७.५ टक्के. तीन माणसांच्या फरकाने हॉस्पिटल 'चांगल्या'तून 'वाईटा'त जातं. ४० पैकी ८ या आकड्यावरून खरा दर ९ ते ३६ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतो, एवढंच म्हणता येतं.

हॉस्पिटल पारखायचंच असेल तर विचारण्यासारखे प्रश्न वेगळे आहेत. या आजाराचे किती पेशंट वर्षाला येतात आणि त्यांचा ३० दिवसांचा मृत्युदर किती? घरी जाताना किती जणांना हार्ट फेल्युअरची आवश्यक औषधं सुरू झालेली असतात? सात ते चौदा दिवसांच्या आतली ओपीडीची तारीख डिस्चार्जच्या वेळीच हातात मिळते का? मधल्या काळात फोन केला तर उचलतं कोण?

"जास्त दिवस ठेवून घ्या"

किती दिवस ठेवलं याला महत्त्व नाही, त्या दिवसांत काय झालं याला आहे. पाणी उतरवायला फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन दिल्यावर दोन तासांनी लघवीतलं सोडियम लिटरमागे ५० ते ७० मिलिमोलपेक्षा कमी असेल, किंवा पहिल्या सहा तासांत तासाला १०० ते १५० मिलिलिटरही लघवी होत नसेल, तर डोस अपुरा आहे आणि तो तेव्हाच वाढवायचा असतो. ते न करता तोच डोस चार दिवस चालू ठेवला, तर पेशंट चार दिवस नुसता पडून राहतो. आणखी एक नाजूक जागा म्हणजे इंजेक्शनवरून गोळीवर येणं. फ्युरोसेमाइडची गोळी सरासरी निम्मीच रक्तात पोचते आणि माणसागणिक हे प्रमाण फार बदलतं; त्यामुळे इंजेक्शनवर छान लघवी होणाऱ्या पेशंटला तेवढ्याच डोसाची गोळी पुरेल असं नसतं. पाणी पूर्ण उतरलेलं असणं, घरी चालणारा गोळीचा डोस ठरलेला असणं, उभं राहिल्यावर चक्कर न येणं, ताजा पोटॅशियम आणि क्रिएटिनिनचा (किडनी किती काम करते ते दाखवणाऱ्या रक्तातल्या घटकाचा) रिपोर्ट हाती असणं: घरी सोडण्याच्या कसोट्या या आहेत. त्या पूर्ण झाल्यावरचा प्रत्येक जादा दिवस संसर्गाचा, अशक्तपणाचा आणि वयस्कर पेशंटांत भ्रमाचा धोकाच वाढवतो.

"दम, सूज गेली की गोळ्या कमी करा"

या एका ओळीमुळे खरोखर माणसं परत ॲडमिट होतात.

हृदयाची पंपिंगची ताकद कमी असलेल्या पेशंटला साधारण चार गटांतली औषधं दिली जातात: सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन किंवा रामिप्रिल-एनालाप्रिलच्या जातीचं एक, बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके सावकाश करणारं औषध), म्हणजे बिसोप्रोलोल, कार्वेडिलोल किंवा मेटोप्रोलोल सक्सिनेट, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. शेवटचं औषध मुळात मधुमेहाचं म्हणून ओळखलं जातं, त्यामुळे 'मला शुगर नाही' म्हणून ते बंद करणारे पुष्कळ आहेत. मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांनाही त्याचा फायदा होतो, हे २०१९ आणि २०२० च्या चाचण्यांत दिसलं आहे. या चारांशिवाय असते ती पाण्याची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइडसारखी लघवी वाढवणारी. दम आणि सूज ती उतरवते. आयुष्य वाढवण्याचं काम ते चार गट करतात. म्हणून सूज गेल्यावर डॉक्टरांच्या सांगण्याने कमी होऊ शकते ती पाण्याची गोळी. बाकीच्यांचा संबंध आज दम लागतो की नाही याच्याशी नाही.

'एको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आला, आता कशाला गोळ्या' याचं उत्तर २०१९ च्या ट्रेड-एचएफ चाचणीने दिलं. हृदय मोठं होऊन कमजोर झालेले आणि औषधांनी पूर्ण सुधारलेले ५१ पेशंट निवडले, त्यांना कसलाही त्रास नव्हता. २५ जणांची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने बंद केली. सहा महिन्यांत त्यांपैकी ११ जणांचा आजार परतला. औषधं चालू ठेवलेल्या २६ जणांत एकाचाही नाही.

उलट दिशेचा पुरावाही आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्राँग-एचएफ चाचणीत १,०७८ पेशंट होते. एका गटाला घरी सोडण्याआधीच औषधं निम्म्या डोसापर्यंत आणि दोन आठवड्यांत पूर्ण डोसापर्यंत चढवली; पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याला तपासणी व रक्तचाचणी. १८० दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी परत ॲडमिट होणं या गटात १५.२ टक्के, नेहमीच्या पद्धतीच्या गटात २३.३ टक्के. किरकोळ त्रास जास्त झाले, गंभीर त्रास वाढले नाहीत. दोन्ही गटांत मुख्य फरक होता तो डोसाचा आणि वारंवार तपासण्याचा.

आता किडनी. औषध सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं चढणं अपेक्षित असतं, कारण किडनीतल्या गाळणीवरचा दाब कमी होतो. युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार मूळ आकड्याच्या दीडपटीपर्यंतची वाढ सहसा चालते; १.० चं १.३ झालं म्हणून घरच्या घरी गोळी बंद करायची नसते. पोटॅशियमला मात्र जपायचं. ते ५.५ च्या वर गेलं तर स्पायरोनोलॅक्टोनचा डोस निम्मा करतात, ६.० च्या वर गेलं तर थांबवतात. म्हणूनच डोस बदलल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्त तपासायचं असतं. ती तपासणी चुकवणं गोळीपेक्षा धोक्याचं. जुलाब, उलट्या सुरू झाल्या किंवा खाणं-पिणं बंद पडलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. तेव्हा काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, पण कोणत्या आणि किती दिवस हे त्यांनी ठरवायचं.

किडनी आणि हृदय दोन्ही बिघडवणारं औषध बहुतेक घरांत वेगळंच असतं: गुडघेदुखीसाठी घेतलेलं डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन. ते शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पाण्याच्या गोळीचा परिणाम मारतं. फिरत्या मजकुरात याचा उल्लेखही नसतो, याचं वाईट वाटतं.

स्टेंट बसवलेल्यांसाठी एकच गोष्ट: ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर दात काढायच्या निमित्तानेही स्वतःहून थांबवू नका. स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो.

घरी पोचल्याच्या दिवशी एक काम करायचंच. जुन्या गोळ्यांचा डबा उघडून डिस्चार्ज कार्डाशी ताडून पाहा, ब्रँडच्या नावाने नव्हे, आतल्या औषधाच्या नावाने. एकच बीटा ब्लॉकर दोन ब्रँडनी पोटात जाणं आणि नाडी चाळिसावर येणं ही नेहमीची गडबड आहे. त्याहून गंभीर म्हणजे जुनी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असताना नवी सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन घेणं. या दोहोंत किमान ३६ तासांचं अंतर लागतं, नाहीतर जीभ आणि घसा सुजून श्वास कोंडू शकतो.

"घरी मॉनिटर बसवला की झालं"

२०१० च्या टेली-एचएफ चाचणीत १,६५३ पेशंटांपैकी निम्म्यांनी रोज फोनवरच्या यंत्रणेला लक्षणं आणि वजन कळवलं. सहा महिन्यांत मृत्यू किंवा परत ॲडमिट होणं त्यांच्यात ५२.३ टक्के, इतरांत ५१.५ टक्के, म्हणजे फरक शून्य. २०१८ च्या जर्मन टिम-एचएफ२ चाचणीत मात्र फायदा दिसला आणि मृत्यूही कमी झाले. तिथे पलीकडे डॉक्टर आणि नर्स चोवीस तास बसलेले होते आणि आकडा बिघडला की लगेच उपचार बदलत होते.

साधा वजनकाटाही पुरतो, पण त्याची रीत पाळायला हवी. रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, तेवढ्याच कपड्यांत, त्याच काट्यावर, फरशीवर, आकडा वहीत. तुलना करायची ती डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवशी घरच्या काट्यावर आलेल्या वजनाशी, हॉस्पिटलच्या काट्याशी नाही. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढ म्हणजे पाणी साठतंय. दम लागायची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करायचा. वेळेवर डोस वाढवला तर कित्येकदा ॲडमिट व्हायची वेळ येत नाही. रात्री एका उशीवर झोपणाऱ्याला तीन लागू लागल्या, बूट घट्ट होऊ लागले, भूक मेली, पोट फुगलं, हीसुद्धा त्याच दिवशी कळवायची लक्षणं.

बसल्या जागी दम, छातीत दाब किंवा दुखणं, गुलाबी फेसाळ थुंकी, शुद्ध हरपणं, नव्याने सुरू झालेला गोंधळलेपणा यांपैकी काहीही दिसलं तर फोनवर वेळ घालवू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा. 'परत ॲडमिट केलं तर लोक काय म्हणतील' किंवा 'आत्ताच तर सोडलंय' म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. जाताना डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांचा डबा आणि वजनाची वही सोबत घ्या.