माणसं स्वस्तात मिळतात म्हणून यंत्र नको?

मिरजेतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात औषधं काढून देणारं यंत्र बसवायचं घाटतंय. त्यावरून आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटलाय. आतेभावाचं मेडिकल आहे. तो लिहितो, "ताई, डी. फार्म झालेली पोरं दहा-बारा हजारांत मिळतात. यंत्र हवंय कुणाला?" तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. शिकलेल्या पोराला दहा हजारांत राबवता येतं, हा यंत्राविरुद्धचा मुद्दा कसा झाला?

इथे इंग्लंडात लेस्टरला आमच्या हॉस्पिटलच्या फार्मसीत रोबो आहे, त्याचं कुणाला अप्रूप नाही. खोकी तो नावाप्रमाणे लावत नाही. मापाची जागा दिसेल तिथे सारतो. लेबल निघालं की पकड रुळावरून सरकते, बारकोड जुळलेलं खोकं घसरगुंडीतून खाली येतं. प्रेडनिसोलोन आणि प्रोप्रॅनोलॉल फळीवर शेजारी असले की घाईत हात चुकतो. दम्याच्या पेशंटला पहिलं द्यायचं असतं, दुसरं त्याच्या जिवावर बेतू शकतं. बारकोड वाचणाऱ्याचा नावांत असा गोंधळ होत नाही. आणि फळ्यांपुढून सुटलेला फार्मासिस्ट वॉर्डात जातो, किडनीचे रिपोर्ट बघून डोस कमी करायला सांगतो, टीटीओ, म्हणजे पेशंटनं घरी न्यायच्या औषधांचं काम, तिथेच उरकतो. हॉस्पिटलातल्या फार्मासिस्टांचं 80 टक्क्यांहून जास्त बळ अशा कामाला लावा, असं लॉर्ड कार्टर यांच्या अहवालानं एनएचएसला, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेला, 2016 मध्येच सांगितलं.

यावर भावानं अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट हॉस्पिटलची बातमी टाकली. 2017 मध्ये नॅशव्हिलच्या त्या हॉस्पिटलात नर्सनं औषधांच्या कॉम्प्युटरवाल्या कपाटावर ‘व्ही-ई’ एवढंच टाइप केलं. हवं होतं गुंगीचं औषध व्हर्सेड, निघालं स्नायू लुळे पाडणारं व्हेक्युरोनियम. पेशंट दगावली. बातमी खरी आहे. पण व्हर्सेड कपाटात मिडाझोलाम या नावानं होतं. ते सापडेना म्हणून नर्सनं ओव्हरराइड केलं, म्हणजे फार्मासिस्टनं तपासलेली यादी ओलांडली. यंत्र आलं की फार्मासिस्ट कमी लागतो, असं यातून कुठे निघतं?

आपल्याकडची खरी अडचण ग्रुपवर कुणी काढलीच नाही. आपण गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापतो. एक्सपायरी एका टोकाला छापलेली; कापून दिलेल्या चार गोळ्यांवर अनेकदा ना नाव, ना तारीख. रोबोला कोड असलेलं अख्खं खोकं लागतं. 1 ऑगस्ट 2023 पासून सरकारनं 300 ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा केलाय, बाकीच्यांचं काय? सुट्या गोळ्या कोड लावून पुन्हा पॅक कोण करणार, हे ट्रस्टनं कंपनीला आधी विचारावं.

शेवटी ‘तिकडे बसून बोलणं सोपं असतं’ हे आलंच. हो, सोपं आहे. मी देश सोडला तो पगारासाठीच नाही. खिडकीमागे पट्ट्या कापताना एकदा डोस जास्त वाटला म्हणून फोन केला, तर डॉक्टर म्हणाले, "तुम्ही फक्त गोळ्या द्या." सहा वर्षं शिकून मी ‘मेडिकलवाली’च होते. इथे मी ब्लीप केलं, म्हणजे पेजरवर निरोप दिला, की डॉक्टर उलट फोन करतात, डोस बदलतात. ही किंमत मला माझ्या गावात हवी होती.

मी परत येणार नाही. मुलींच्या शाळा, घर, पेन्शन सगळं इथे आहे. म्हणून मिरजेबद्दल बोलायचा माझा हक्क संपतो, हे मला मान्य नाही. माझे बाबा वॉरफेरिनवर, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर, आहेत आणि त्याच हॉस्पिटलात जातात. त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीचा आकडा, बघून डोसबद्दल डॉक्टरांशी बोलणारा फार्मासिस्ट वॉर्डात नेमा, त्याला नीट पगार द्या आणि त्याच्या हातातली कात्री काढून घ्या, असं मी ट्रस्टींना लिहून पाठवलंय.