ठोकून पुढे जाणाऱ्याला घरी बसवा

सकाळपासून डोकं फिरलंय. ऑफिसच्या ग्रुपवर एकाने मोटोजीपीच्या, म्हणजे बाइक रेसिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या, धडकांची क्लिप टाकली. रायडर एकामागून एक उडतायत, मागे ढोल-ताशा लावलाय आणि खाली सगळ्यांचं सुरू, "जिगर पाहिजे भावा!" त्यात इटलीतल्या मिसानोची 2018 ची रेस पण होती. मोटो2 च्या, म्हणजे एक पायरी खालच्या वर्गाच्या रेसमध्ये रोमानो फेनातीने ताशी 200 च्या वर असताना हात लांब करून शेजारच्या मान्झीचा पुढचा ब्रेक दाबला होता, ते. ही जिगर? त्याला आधी फक्त दोन रेसची बंदी घातली होती. टीमने हाकलला म्हणून बरं.

मी रेसिंगचा वेडा आहे हे तुम्हाला माहीत आहे. रविवारी रेस असली की माझा फोन लागत नाही. म्हणूनच बोलतोय. समोरच्याच्या मागे हवेच्या आडोशाला राहायचं, ब्रेक त्याच्यापेक्षा जरासा उशिरा दाबायचा, तरीही बाइक वळणात बसली पाहिजे आणि त्याला बाहेरून जायला जागा उरली पाहिजे. याला ओव्हरटेक म्हणतात. ज्याला हे जमत नाही तो दुसऱ्याच्या अंगावर जाऊन थांबतो.

माझ्या आत्येभावाला असंच पाडलं होतं. नाशिककडे डर्ट ट्रॅकची रेस होती. भांडुपला गॅरेजमध्ये राबून, पगारातून पैसे बाजूला काढून जुनी बाइक त्याने स्वतः उभी केली होती. शेवटच्या लॅपला पुढे होता. मागचा पोरगा ब्रेक न मारताच आतून घुसला, त्याचं पुढचं चाक थेट भावाच्या फुटरेस्टवर. मी दोरीपाशीच उभा होतो. भाऊ खाली, घोटा बाइकखाली, इंजिन अजून चालू, मागचं चाक गरगर फिरतंय आणि हेल्मेटमध्ये माती. आम्ही बाइक उचलत होतो आणि लोक टाळ्या वाजवत होते. ठोकणाऱ्यासाठी! आयोजक म्हणाले, रेसिंगमध्ये असं होतंच. कप त्यालाच दिला.

होतंच म्हणे.

2023 ला पोर्तुगालच्या पोर्तिमाओमध्ये मोटोजीपीत काय झालं आठवा. मिगेल ऑलिव्हेरा घरच्या लोकांसमोर मस्त पुढे चालला होता. मार्क मार्केझचा ब्रेकिंगचा अंदाज चुकला, आधी मार्टिनला घासला आणि मग ऑलिव्हेरावर जाऊन आदळला. शिक्षा काय, तर दोन लाँग लॅप. वळणाच्या बाहेरच्या लांब पट्ट्यावरून दोनदा जायचं, थोडे सेकंद गेले, विषय संपला. आणि तीही भोगली नाही! त्याचा अंगठा मोडला म्हणून पुढच्या रेसला तो नव्हता. पंचांनी शिक्षा त्याच्या पुढच्या रेसवर ढकलली, तर त्याची टीम अपिलात गेली आणि जिंकली. ऑलिव्हेरा मात्र अर्जेंटिनाला बाइकवर बसूच शकला नाही. मार्केझने लगेच माफी मागितली, ठीक आहे, मान्य. आमच्याकडे तर तेवढंही कोणी आलं नाही. आत्या हॉस्पिटलच्या दाराकडे बघत बसायची, तो पोरगा येईल, दोन शब्द बोलेल म्हणून.

मी व्हॅलेंटिनो रॉसी या रायडरचा माणूस. तरी सांगतो, 2015 ला मलेशियात सेपांगला त्याला दिली ती शिक्षा बरोबर होती. मार्केझने डिवचलं असेल, भरपूर डिवचलं, पण म्हणून त्याला वळणावर बाहेर-बाहेर नेत राहायचं? मार्केझ पडला. रॉसीला तीन पेनल्टी पॉइंट, व्हॅलेन्सियाच्या शेवटच्या रेसला सगळ्यात मागून सुरुवात आणि वर्ल्ड टायटल पाच गुणांनी लोरेंझोकडे. माझं आतडं तुटलं होतं त्या दिवशी. पण शिक्षा अशीच बसली पाहिजे, जन्मभर लक्षात राहील अशी.

मार्को सिमोन्चेली हा रायडर आठवला की मात्र राग कुठल्या कुठे जातो. 2011 ला ल मान्सला त्याच्याशी धडकून दुसऱ्या रायडरचं, पेड्रोसाचं कॉलरबोन मोडलं, किती शिव्या खाल्ल्या त्याने. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सेपांगच्या रेसमध्येच त्याचा जीव गेला. 24 वर्षांचा, कुरळ्या केसांचा पोरगा. त्याला कोणी पाडलं नव्हतं, बाइक स्वतःहून घसरली आणि मागून येणाऱ्यांना वळवायलाही वेळ मिळाला नाही. त्यातला एक रॉसी, त्याचा जवळचा दोस्त. ट्रॅकवर पडलेल्या माणसाचं काय होतं हे ज्यांनी तेव्हा बघितलं त्यांना पाडापाडीच्या क्लिपवर ढोल कसे लावावेसे वाटतात?

आणि हेच बघून आपली पोरं रात्री ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला कट मारत फिरतात.

माझं म्हणणं सरळ आहे. पडलेला जेवढ्या रेस घरी बसेल, तेवढ्याच रेस पाडणाऱ्यानेही बसायचं. कोणाला किती लागतं हा नशिबाचा भाग आहे, कळतं मला. पण ते नशीब एकट्या पडणाऱ्यानेच का भोगायचं? भावाच्या घोट्यात अजून प्लेट आहे. भांडुप स्टेशनचा जिना तो कठडा धरून चढतो. परत रेसला कधी उतरला नाही.

"रेसिंगमध्ये चालतंच" असं कमेंटमध्ये लिहायचं असेल त्यांनी लिहू नका, गॅरेजवर या. तो संध्याकाळी तिथेच असतो. त्याच्या तोंडावर म्हणून दाखवा.