रोजचं रनिंग किती?

गाड्यांच्या शोरूममधल्या त्या सेल्समन मुलाच्या टॅबवर माझ्या नावापुढे 'कोल्ड' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं. उलटं दिसत होतं, पण चष्मा नवा आहे. शोरूमवाले म्हणे गिऱ्हाइकांची हॉट, वॉर्म आणि कोल्ड अशी वर्गवारी करतात. हॉट म्हणजे आज-उद्या बुकिंग करणारा, वॉर्म म्हणजे घरी विचारून सांगणारा आणि कोल्ड म्हणजे एसीत बसून फुकटची कॉफी पिऊन जाणारा. कॉफी मी मागितलीही नव्हती.

माझा गुन्हा एवढाच, की त्याने "सर, रोजचं रनिंग किती?" असं विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. "असेल दहा-बारा किलोमीटर." तो हसला नाही. हसला असता तरी परवडलं असतं. त्याने नुसतं "ओके सर" म्हटलं, डॉक्टर रिपोर्ट वाचून टेबलावर ठेवतात त्या सुरात.

आम्हाला कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यायची हे ठरलेलं होतं. बसायला उंच, पार्किंगला आखूड. पेट्रोल की डिझेल, एवढंच अडलं होतं, आणि तेच विचारायला मी लेकीला घेऊन गेलो होतो. पण हा प्रश्न चारचौघांत मोठ्याने विचारला, की ज्याला विचारलाय तो सोडून बाकी सगळे उत्तर देतात.

"डिझेलच घ्या!"

मागे सोफ्यावर एक काका बसले होते. हातात गाडीची किल्ली. किल्लीला चामड्याचं कव्हर आणि त्या कव्हरला प्लास्टिकचं कव्हर. गाडी सर्व्हिसिंगला दिली होती आणि वेळ जात नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"पेट्रोलला ठिणगी लागते हो. ठिणगी पाडा, मग पेटणार. लाड नुसते! डिझेलला ठिणगी लागतच नाही. हवा अशी दाबतात, अशी दाबतात..." इथे त्यांनी माझा पंजा आपल्या दोन्ही पंजांत धरून खरोखर दाबला. "...की ती दाबानेच तापते. पाचशे डिग्रीच्या वर! मग डिझेलचा फवारा मारायचा. भडका! स्वाभिमानी इंजिन आहे ते."

शास्त्र अगदी बरोबर होतं आणि तीच पंचाईत होती. चुकीचं बोलणाऱ्याला निदान अडवता तरी येतं.

"पुस्तकी बोलत नाही मी. या." त्यांनी मला दंडाला धरून मागे वर्कशॉपमध्ये नेलं. 'विनापरवाना प्रवेश बंद' ही पाटी त्यांनी हाताने बाजूला सारली. त्यांची गाडी तिथे सुरू करून ठेवलेली होती. माझा तळहात त्यांनी बॉनेटवर ठेवला.

"काय जाणवतंय?"

"थरथरतंय."

"थरथरत नाहीये. बोलतंय!"

लेक मागे उभी राहून मोबाइलमध्ये काहीतरी पाहत होती. तिचे खांदे मात्र हलत होते. काका टॉर्कवर आले, म्हणजे इंजिनाच्या खेचशक्तीवर. मिनिटाला सतराशे-अठराशे फेऱ्यांनाच काय खेच मिळते, घाटात गिअर कसा बदलावाच लागत नाही, गाडी भरलेली असो की रिकामी, तिला कसं कळतच नाही. हेही सगळं खरंच होतं. माझा हात अजून बॉनेटवरच होता आणि बॉनेट तापत चाललं होतं. तेवढ्यात हातात जॉबकार्ड घेऊन सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आला.

"काका, डीपीएफ पुन्हा चोक झालाय. आणि इंजिन ऑइलची पातळी वाढलीये."

"बघा!" काका माझ्याकडे वळले. "पेट्रोलवाल्यांचं ऑइल कमी होतं. आपलं वाढतं!"

अ‍ॅडव्हायझरने डोळे मिटले. मग अत्यंत सोशिकपणे, बहुधा पुन्हा एकदा, त्याने समजावलं. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, तोच डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला फिल्टर सहाशे डिग्रीच्या आसपास तापावा लागतो आणि त्यासाठी गाडी सलग, जरा वेगात पळावी लागते. जवळच्या जवळ फिरवून बंद केली, की ते काम अर्धवट राहतं. काजळी जाळण्यासाठी जास्तीचं मारलेलं डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. म्हणजे ऑइल वाढलेलं नाही, पातळ झालेलं आहे.

"काका, तुमचं रोजचं रनिंग किती?" मी विचारलं. इतका वेळ मला मिळालेला हा पहिला आनंद.

"रनिंगचं काय घेऊन बसलात! सकाळी बाग, संध्याकाळी वाचनालय. डीपीएफचा दिवा लागला की हायवेला काढायची, तासभर पिदडायची, सगळं जळून साफ. परवा त्या नादात व्याह्यांच्या दारात पोचलो. त्यांना वाटलं, सुनेची तक्रार घेऊन आलोय. दोघं अशी घाबरली! जेवूनच निघालो शेवटी."

डिझेल जाळून डिझेलचीच काजळी काढायची, आणि हा माणूस मला सल्ला देत होता. त्यांच्या नावापुढे 'हॉट' लिहिलेलं असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

बिचाऱ्या रुडॉल्फ डिझेलला यातलं काही ठाऊक नव्हतं. 1897 साली त्याचं इंजिन नीट चाललं, त्या काळच्या वाफेच्या इंजिनांपेक्षा इंधनातून कितीतरी जास्त काम काढू लागलं, आणि 29 सप्टेंबर 1913 च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून तो गायब झाला. पुढे समुद्रात प्रेत मिळालं. अपघात, आत्महत्या की घातपात, यावर अजून वाद चालतात. मला विचाराल, तर त्या बोटीवरही कोणीतरी काका असणार.

परत येऊन बसलो, तर लेकीने सेल्समनला कामाला लावलं होतं. "पैशात नको, लिटरमध्ये सांगा. डिझेल मॉडेल जास्तीचं महाग आहे, तेवढ्या पैशात पेट्रोल किती येईल?" उत्तर आलं, सुमारे दीड हजार लिटर. मग ती सुटलीच. पेट्रोल गाडी लिटरला पंधरा देते, डिझेल वीस, दोन्ही इंधनांचा भाव सारखाच धरला, तर शंभर किलोमीटरमागे जेमतेम पावणेदोन लिटर वाचतात. म्हणजे फरक वसूल व्हायला जवळजवळ नव्वद हजार किलोमीटर.

"बाबांच्या रनिंगला वीस वर्षं," ती म्हणाली. "तोपर्यंत यांना गाडीत चढायलाच हात द्यावा लागेल."

हे गणित कॉलेजातल्या पोरीला जमतं. शोरूमवाल्याला जमत नसेल असं नाही. पण त्याने मला रनिंग विचारलं ते सल्ला द्यायला नव्हेच, नुसतं कप्प्यात टाकायला. सल्ला ठरतो तो यार्डात कुठली गाडी उभी आहे त्यावर. डिझेल हवं तर ते वरच्याच मॉडेलमध्ये, म्हणजे सनरूफ घ्यायलाच हवं. पेट्रोल हवं तर टर्बोच घ्या सर, तीन सिलिंडर आहेत पण कळतसुद्धा नाही. अ‍ॅव्हरेज विचारलं की कंपनीचा आकडा, जो गाडी रोलरवर चालवून काढलेला असतो. रोलरवर खड्डा नसतो, सिग्नल नसतो, समोरून उलट्या बाजूने कोणी येत नाही. 2015 मध्ये तर फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांना आपली चाचणी चाललीये हे ओळखून तेवढ्यापुरता धूर सुधारता येत होता, असं उघडकीला आलं. जगभरात अशा कोटीभर गाड्या निघाल्या. गाडीला परीक्षा ओळखता येते, आणि गिऱ्हाइकाला साधं खरं कोणी सांगत नाही. फिल्टर तुंबल्यावर "सर, तुमचं रनिंगच कमी आहे" म्हणणारा माणूस गाडी विकताना कुठे असतो, हे मला कोणीतरी सांगावं.

आज सकाळी त्याचाच फोन आला. कोल्ड असूनही.

"सर, पेट्रोलला दोन-तीन महिने वेटिंग आहे. डिझेल उद्या देतो, व्हाइट कलर. तुमच्यासाठी डिझेलच बेस्ट."

"अरे, पण माझं रनिंग दहा-बारा किलोमीटर आहे."

"रनिंग काय सर, वाढवता येतं."

मला व्याही नाहीत, असं सांगून मी फोन ठेवला.