सही जुळत नव्हती तेव्हा

बडोद्यातील एका बँकेच्या शाखेत मी ३१ वर्षे नोकरी केली. निवृत्तीच्या काही वर्षे आधी घडलेली एका बाईंची गोष्ट आज लिहीत आहे. त्या बाईंची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दांडिया बाजारच्या बाजूला राहणारे एक मराठी जोडपे दोघांच्या नावावरची मुदत ठेव मुदतीआधी मोडण्यासाठी आले होते. सही कुठे करायची ते नवरा फॉर्मवर बोट ठेवून दाखवत होता. मी तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तरही तोच देत होता. तिची सही नमुना सहीशी जुळेना. दुसऱ्यांदा केली, तरीही जुळेना. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट सुजून निळसर झाले होते, त्यामुळे हात कागदावर टेकवून पेन धरणे तिला जमत नव्हते. "काकू, दारात सापडली हो बोटं," ती म्हणाली. मी "हात बरा झाला की या" असे सांगून फॉर्म परत केला. नियमाप्रमाणे ते योग्यच होते. मात्र ती बोटे मी अगदी जवळून पाहिली आणि सही न जुळण्याचे कारण यापलीकडे त्यांच्याविषयी काहीही विचार केला नाही, याची खंत मला अजून आहे.

सात-आठ महिन्यांनी ती एकटी आली. काउंटरवरची गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून राहिली आणि मग हळूच विचारू लागली, "काकू, माझ्या एकटीच्या नावानं खातं उघडलं, तर मेसेज कुणाच्या मोबाइलवर जातो? घरी पत्र येतं का?" ती एका दुकानात हिशेब लिहीत असे. पगाराच्या खात्याचे एटीएम कार्ड नवऱ्याकडे होते आणि तिला रोज रिक्षापुरते पैसे मोजून मिळत. तो मारायचा तो वर्षातून दोन-तीनदाच, असे तिने सांगितले. तो 'च' मला फार लागला, कारण उरलेल्या दिवसांना ती हिंसा मानतच नव्हती.

कायदा मात्र त्या दिवसांनाही हिंसाच मानतो. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५चा कायदा २६ ऑक्टोबर २००६पासून लागू आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात शारीरिक आणि लैंगिक छळाच्या बरोबरीने शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळाचाही समावेश आहे. घरखर्चाला पैसे न देणे, स्त्रीधन परस्पर मोडणे, जिच्यावर तिचा हक्क आहे अशी मिळकत तिच्यापासून तोडणे, हे सारे आर्थिक छळात येते. हा कायदा फक्त पत्नीसाठी आहे, हाही गैरसमज आहे. मुलाने घरासाठी छळलेली आई, भावाने घराबाहेर काढलेली बहीण, सासरची विधवा सून, या सगळ्या त्याचा आधार घेऊ शकतात. बँकेत बसून मी अशा कितीतरी आया पाहिल्या, ज्यांच्या पेन्शनच्या दिवशी मुलगा न चुकता सोबत येत असे.

"भांड्याला भांडे लागायचेच" असे आपण किती सहज म्हणून जातो. भांडण आणि हिंसा यांतला फरक ओळखण्यासाठी मी आता एकच गोष्ट पाहते, ती म्हणजे भीती. फाटकाशी स्कूटरचा आवाज आला की ती टीव्ही बंद करते का, मुलांना आतल्या खोलीत पाठवते का, माहेरच्यांशी बोलताना फोन स्पीकरवर ठेवते का, साध्या हळदीकुंकवाला यायचे तरी "विचारून सांगते" असे दर वेळी म्हणते का? एखादी गोष्ट एखाद्या वेळी घडली, तर तिचा अर्थ काहीही असू शकतो. वर्षानुवर्षे हे असेच चालले असेल, तर शेजाऱ्यांना आणि नातेवाइकांना ते दिसलेले असतेच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) असे आढळले की, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के जणींनी कधी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलेही नाही. मदत मागणाऱ्या साधारण १४ टक्के होत्या आणि त्यांतल्या बहुतेक आपल्या माहेरच्या माणसांकडे गेल्या होत्या. म्हणजे पोलीस, वकील, न्यायालय हे सारे फार पुढचे; पहिले दार आपले असते. त्या दारात "जरा जुळवून घे, स्वभाव आहे त्याचा" हे वाक्य भेटले, तर पुढची दारे ती ठोठावतच नाही. तिने सांगितलेल्यावर विश्वास ठेवावा आणि "तुला काय हवंय?" असे विचारावे. "आत्ताच्या आत्ता नीघ" असा आग्रहही मी धरणार नाही. बाई घर सोडते तो काळ तिच्यासाठी सर्वांत धोक्याचा असतो. आधार कार्ड, पासबुक, मुलांच्या शाळेचे कागद, थोडे पैसे असे काहीबाही आधी विश्वासाच्या घरी पोहोचले, तर निघणे सोपे जाते. मार लागला असेल, तर डॉक्टरांना खरे कारण सांगून ते केसपेपरवर लिहून घ्यावे. "पायऱ्यांवरून पडले" अशी नोंद पुढे न्यायालयात तिच्याच विरोधात जाऊ शकते.

"काकू, मला त्यांना जेलमध्ये नाही घालायचं, फक्त हे थांबायला हवं," हे तिचे म्हणणे मी इतरही अनेकींकडून ऐकले आहे. पती किंवा सासरच्यांच्या क्रूरतेचा गुन्हा, म्हणजे पूर्वीचे ४९८ अ, आता भारतीय न्याय संहितेच्या ८५व्या कलमात आहे आणि तो मार्ग खुला आहेच. पण २००५च्या कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे केलेला अर्ज मुळात संरक्षण मागण्यासाठी असतो. मारहाण थांबवण्याचा, राहत्या घरातून तिला बाहेर न काढण्याचा, खर्चाचा आणि मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश त्यात मिळू शकतो. घर सासऱ्यांच्या नावावर असले, तरी तिथे राहण्याचा हक्क सांगता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केले आहे. संरक्षणाचा आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा ठरतो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे आधी सांगितलेले बरे, म्हणजे ती मध्येच खचत नाही.

गुजरातमध्ये १८१ हा अभयम हेल्पलाइनचा क्रमांक ८ मार्च २०१५पासून राज्यभर चालू आहे. तो चोवीस तास आणि विनामूल्य आहे. गरज पडल्यास समुपदेशक आणि महिला पोलीस गाडी घेऊन घरी येतात. जीव धोक्यात असेल तर ११२. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये उपचार, पोलीस, कायदेशीर सल्ला आणि काही दिवसांचा निवारा एकाच ठिकाणी मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. २००५च्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना घरातल्या हिंसेची माहिती कुणीही देऊ शकते. ती प्रामाणिकपणे दिली असेल, तर माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही, असे याच कायद्याचे चौथे कलम सांगते. शेजाऱ्यांनी हे कलम जरूर लक्षात ठेवावे.

आपल्या शहरात 'समाधान' हा शब्द जपून ऐकावा लागतो. गुजरातीत त्याचा अर्थ तडजोड. बँकेत आलेल्या त्या बाईला पहिल्यांदा चौकीत नेले, तेव्हा "समाधान थई गयुं" असे सांगून तासाभरात परत पाठवण्यात आले आणि तिच्या वृद्ध आईला मराठी कानांनी वाटले की, लेकीचे मन शांत झाले. त्याच रात्री तिला पुन्हा मार पडला. मग १८१ला फोन केला तो तिच्या धाकट्या बहिणीने.

सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानाने १९३१मध्येच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, याचा आम्हा बडोदेकर मराठी माणसांना मोठा अभिमान आहे. याच जिल्ह्यात १९९५मध्ये महिला सामाख्या या सरकारी कार्यक्रमातून गावोगावच्या बायकांनी नारी अदालत, म्हणजे बायकांच्या तक्रारी ऐकणारी बायकांचीच पंचायत, उभी केली. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचताही येत नव्हते. अशा शहरातल्या सुशिक्षित मराठी घरात "वाच्यता नको" म्हणून मुलीला परत पाठवले जाते, हे मला पटत नाही आणि मी ते आता प्रत्येक घरी बोलून दाखवते.

ती आता आईकडे राहते. तिचा अर्ज न्यायालयात आहे, अंतरिम खर्चाचा आदेश झाला आहे आणि नव्या खात्याचे मेसेज तिच्याच मोबाइलवर येतात. करंगळी वाकडीच राहिली, म्हणून नव्या सहीचा नमुना द्यावा लागला.

बडोद्यात कुणाला न्यायालयात, बँकेत किंवा सखी सेंटरमध्ये जाताना सोबत हवी असेल, तर मला कळवा. मंगळवार आणि शुक्रवार मी मोकळी असते. ज्यांचा मोबाइल घरात तपासला जातो, त्यांनी मात्र या पोस्टखाली काही लिहू नये. मैत्रिणीच्या किंवा कामावरच्या फोनवरून १८१ लावावा.