अक्षरं चुकली म्हणून नाणं आजचं ठरत नाही

नाणेसंग्राहकांमध्ये सध्या एक दावा फिरतो आहे: ‘रोमन नाण्यावरची अक्षरं चुकलेली आणि वजन कमी असेल तर ते आजचं बनावट. जुनं निघालंच, तर लोकांना गंडवायला पाडलेलं. आणि केल्ट लोकांना (युरोपातल्या प्राचीन टोळ्यांना) तर धड नक्कलही जमत नव्हती.’ यावर विश्वास ठेवून कुणी खरा प्राचीन ऐवज भंगारात घालू नये, म्हणून लिहितो आहे.

आधी अक्षरं. इ.स. 270 नंतर ब्रिटन आणि गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सच्या भागात) टेट्रिकस, व्हिक्टोरिनस या तिथल्या फुटीर रोमन सम्राटांच्या किरणमुकुटाच्या नाण्यांच्या नकला अमाप पाडल्या गेल्या. अक्षरांच्या जागी बरेचदा नुसत्या उभ्या रेघा. काही नाणी तर सेंटीमीटरभरही रुंद नाहीत. ही नाणी अस्सल नाण्यांबरोबर पुरलेल्या ठेव्यांतून निघतात, ती आजची कशी असतील?

गंडवणूक होती, हे मान्य. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पातळ पत्रा चढवलेले दिनार (रोमन चांदीची नाणी) त्यासाठीच होते. पण इ.स. 43 मध्ये रोमन सम्राट क्लॉडियसचं सैन्य ब्रिटनमध्ये उतरलं, तेव्हा सुट्ट्या पैशांची चणचण होती. ती भागवायला त्याच्या, मिनर्व्हा देवीचं चित्र असलेल्या तांब्याच्या नाण्यांच्या नकला तिथे चालल्या. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला सापडल्या आहेत. मातीच्या नाण्याने कोण कुणाला फसवणार?

केल्टांबद्दलचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपच्या सोन्याच्या नाण्यावर एका बाजूला अपोलो हा ग्रीक देव, दुसरीकडे दोन घोड्यांचा रथ. केल्टांनी त्याच्या नकला पाडल्या आणि ब्रिटनपर्यंत येता येता अपोलोचा चेहरा विरून माळ आणि केसच उरले, रथाचा एक सुटा-सुटा घोडा आणि चाक झालं. त्याच बेटावर कुनोबेलिन या केल्ट राजाने धान्याचं कणीस आणि राजधानीच्या नावाची आद्याक्षरं सुबक रोमन लिपीत पाडली. ब्रातिस्लाव्हाच्या (आजच्या स्लोव्हाकियाच्या राजधानीच्या) परिसरातल्या केल्टांच्या बियाटेक नाण्यांवर इ.स.पू. 70 च्या रोमन दिनारावरची दोन मस्तकं उचलली आहेत आणि ‘बियाटेक’ हे नाव लॅटिन अक्षरांत आहे. यातल्याच एका नाण्याचा घोडेस्वार स्लोव्हाकियाने 1993 मध्ये आपल्या 5 कोरूनाच्या नाण्यावर घेतला. असं कोरणारे हात चेहरा मोडतात, तेव्हा तो त्यांनी ठरवून मोडलेला असतो.

वजनावर तर भिस्त ठेवूच नका, आजचे बनवणारे ते नेमकं साधतात. भिंग घेऊन कड पाहा: ओतीव नाण्यावर जोडाची रेघ आणि हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे दिसतात. दोन नाण्यांचा ठसा एकच असू शकतो, पण घणाने हाती पाडलेल्या दोन नाण्यांचे तडे आणि ठसा सरकल्याच्या खुणा तंतोतंत जुळत नाहीत. जुळल्या, तर मात्र विकणाऱ्याला जाब विचारा.