मटक्याला निदान लाज होती

2024 च्या आयपीएलमधली गोष्ट. भाचा घरी जेवायला आला होता. मॅच चालू होती. मी टीव्हीकडे बघतोय आणि हा पठ्ठ्या मांडीवरच्या मोबाईलकडे. विकेट पडली तरी मान वर नाही. "काय करालास बे?" म्हणून विचारलं. म्हणाला, "टीम लावलीय मामा, एकोणपन्नास रुपयाची." म्हणजे ॲपवर पैसे भरून दोन्ही संघांतले मिळून अकरा खेळाडू निवडायचे, ते मैदानात जसे खेळतील तसे गुण, आणि ज्याचे गुण जास्त त्याला पैसे. माझा चेहरा बघून लगेच पुढे, "मटका नाही वो हा. लीगल आहे. जीएसटी भरतात ते."

जीएसटी भरतात! माझा धंदाच जीएसटी आणि रिटर्न भरायचा. पंचवीस वर्षं सोलापूरच्या साखर पेठेत एका जिन्याखाली बसून टॉवेल-चादरवाल्यांची आणि किराणावाल्यांची पुस्तकं लिहितोय. कर भरला की धंदा सोवळा होतो हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. दारूवरही सरकार कर घेतंच की, म्हणून बाटली कुणी देव्हाऱ्यात ठेवत नाही. पण पोराचं सगळंच चुकलं नव्हतं. 2023 च्या ऑक्टोबरपासून या खेळात टाकलेल्या पैशावर 28 टक्के जीएसटी लागत होता आणि 2017 मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं अशा टीम लावण्याला कौशल्याचा खेळ म्हटलं होतं. अशाच एका कंपनीचं नाव भारतीय संघाच्या छातीवर होतं. एवढं सगळं असताना मामाचं कोण ऐकणार?

सोलापूरकराला मटका म्हणजे काय हे सांगायला नको. पण तो आला कुठून हे पुष्कळांना ठाऊक नसतं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले भाव तारेनं मुंबईला यायचे. बाजार उघडतानाचा भाव आणि बंद होतानाचा भाव, त्यावर लोक पैसे लावायचे. म्हणून आजही ओपन आणि क्लोज. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणं थांबलं, तेव्हा कल्याणजी भगत यांनी 1962 मध्ये स्वतःच आकडा काढायला सुरुवात केली, मागोमाग रतन खत्री आले. कापूस गेला, आकडा राहिला. आपल्याकडे तर गिरण्यांचे भोंगेही थांबले, आकडा थांबला नाही.

आमचे थोरले चुलते मिलमध्ये साचेखात्यात होते. कन्ना चौकाच्या अलीकडे एक पानटपरी होती, तिथं ते आकडा लावायचे. पण थेट जाणं नाही. आधी पान मागायचं, मग चुना थोडा जास्त झाला म्हणून दोन मिनिटं रेंगाळायचं, इकडेतिकडे बघायचं आणि मग हातात चिठ्ठी. एखादा पाहुणा दिसला की नुसतं पान खाऊन परत. घरात सगळ्यांना माहीत, पण नाव कुणी काढायचं नाही. त्यांच्या मुलीचं एक चांगलं स्थळ मोडलं ते "बाप आकडा लावतो" एवढ्या एका वाक्यावर.

ही लाज चांगली होती असं मी म्हणत नाही. चुलतीनं काय सोसलं ते मी बघितलंय. तिच्या पाटल्या दोनदा सराफाकडे गेल्या आणि एकदाच परत आल्या. पण त्या लाजेमुळे माणूस टपरीपर्यंत चालत जायचा आणि चालताना कधीकधी मागेही फिरायचा. दिवसातून दोन आकडे, ओपन आणि क्लोज. मधल्या वेळात साचा चालवायचा, भाकरी खायची, झोपायचं. मोबाईलनं ते चालणंच काढून टाकलं.

आता थोडा हिशेब, सवयच आहे. मटक्यात एक आकडा लावला तर रुपयाला नऊ मिळायचे. आकडे दहा, म्हणजे मटकेवाल्याचा वाटा शंभरात दहा. परदेशातल्या परवानाधारक बेटिंग कंपनीत दोन बरोबरीच्या संघांना साधारण 1.90 चा भाव मिळतो. तुम्ही एका बाजूला शंभर लावले, मी दुसऱ्या बाजूला शंभर. जिंकणाऱ्याला 190, कंपनीला दहा. दोनशेत दहा म्हणजे शंभरात पाच. मटक्याच्या निम्माच! कागदावर बघितलं तर कंपनी सज्जन आणि टपरीवाला लुटारू.

पण टी-ट्वेंटीत चेंडू असतात 240. पुढच्या षटकात किती धावा, पुढच्या चेंडूवर चौकार की नाही, हा गोलंदाज आज किती बळी घेणार, प्रत्येकावर भाव निघतो. शंभरात पाच कापणारी गिरणी त्याच शंभरावर चौदा वेळा फिरली की सरासरी निम्मे पैसे गेलेले असतात, आणि चौदा वेळा फिरायला पॉवरप्लेसुद्धा संपावा लागत नाही. चुलत्यांना तेवढे आकडे लावायला आठवडा लागायचा.

अमेरिकेत काय झालं ते बघण्यासारखं आहे. तिथं 1992 च्या केंद्रीय कायद्यानं बहुतेक राज्यांना खेळांवरच्या बेटिंगला परवानगी देता येत नव्हती, नेवाडा हा मुख्य अपवाद. न्यू जर्सी राज्य कोर्टात गेलं आणि 14 मे 2018 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला. बेटिंग चांगलं की वाईट हा मुद्दाच नव्हता. संसद राज्यांना असा हुकूम देऊ शकते का, एवढाच होता. 2017 मध्ये नेवाडात लोक वर्षाला सुमारे 500 कोटी डॉलर लावायचे. 2024 मध्ये 38 राज्यं आणि राजधानी मिळून ही रक्कम जवळपास 15,000 कोटी डॉलर झाली. सात वर्षांत तीसपट! त्यातले कंपन्यांकडे राहिले सुमारे 1,370 कोटी, म्हणजे शंभरात नऊ. पाचाचे नऊ कसे झाले? चार-पाच गोष्टी एकत्र बांधून एकच मोठा डाव लावायला लावतात. लागला तर घबाड, आणि एक जरी चुकली तरी सगळं गेलं. आपल्या मटक्यातली जोडीच ती, ओपन आणि क्लोज दोन्ही आकडे एकत्र लावायची, फक्त इंग्रजी नाव आणि छान रंग.

आणखी एक गोष्ट मला फार लागली. तिथल्या आणि ब्रिटनमधल्या कायदेशीर कंपन्या सतत जिंकणाऱ्या गिऱ्हाइकाची मर्यादा कमी करून टाकतात. शंभर लावायला गेला तर दोन घेतात. हरणाऱ्याला मात्र बोनस, मेसेज, वाढदिवसाच्या शुभेच्छा. कौशल्याचा खेळ म्हणता आणि कौशल्य दिसलं की दार लावता?

कायदेशीर केलं की फिक्सिंग थांबतं, हा तर ठरलेला युक्तिवाद. एप्रिल 2024 मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगनं जोंटे पोर्टर या खेळाडूवर तहहयात बंदी घातली. दुखापतीचं किंवा आजाराचं निमित्त करून तो सामन्यातून लवकर बाहेर पडायचा, कारण तो कमी गुण करील यावर ओळखीच्यांनी पैसे लावलेले असायचे. परवानाधारक कंपन्यांतच लावलेले. संशयास्पद डाव त्यांच्याच नोंदींत दिसला म्हणून तो सापडला, हेही खरं, आणि कायदेशीर बेटिंगच्या बाजूचा हा मुद्दा मी मान्य करतो. पण असा डाव लावायची सोय कुणी केली होती?

इकडे आपल्याकडे. सर्वोच्च न्यायालयानं क्रिकेटच्या कारभारासाठी नेमलेल्या लोढा समितीनं 2016 मध्ये क्रिकेटवरचं बेटिंग कायदेशीर करा म्हटलं. 2018 मध्ये विधी आयोगाचा 276 वा अहवाल आला. तो मी कामाच्या सवयीनं वाचला. बंदी अंमलात येत नसेल तर नियमन करा, पण आधार-पॅन जोडा, किती वेळा लावायचं याला मर्यादा घाला आणि सरकारी अनुदान घेणाऱ्यांना, आयकर किंवा जीएसटीच्या कक्षेत नसणाऱ्यांना यापासून लांब ठेवा. वाचून मी हसलो. रिक्षावाला नको, विडी वळणाऱ्या बाईचा मुलगा नको, हॉटेलातला पोऱ्या नको. मग तीसपट वाढणार कुणाच्या जिवावर?

परवाना, मर्यादा काही आलं नाही, मधल्या मधे टीम लावायचा धंदा मात्र वाढला. ड्रीम इलेव्हन या टीम लावायच्या ॲपनं 2020 मध्ये आयपीएलचं नाव 222 कोटींना घेतलं, 2023 मध्ये भारतीय संघाची जर्सी 358 कोटींना. सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीचं नाव आयपीएलमध्ये झळकलं तेव्हा आम्हाला कोण आनंद झाला, आणि पहिला मेसेज आला तो "आज अर्शिनला टीममध्ये घ्यायचा का?" असा.

माझ्या टेबलापर्यंत हे सगळं आलं ते टीडीएसच्या रूपानं. एप्रिल 2023 पासून ऑनलाईन खेळातल्या निव्वळ जिंकण्यावर थेट 30 टक्के कापले जाऊ लागले. पार्सल पोचवणारा एक मुलगा आला, खुशीत. "सर, टीडीएस कापलाय म्हणजे मी जिंकलोय ना?" एका ॲपवर चाळीस हजार जिंकला होता, त्यातले बारा हजार कापले. बाकी दोन ॲपवर लाखाच्या वर हरला होता. ते वजा होतात का, म्हणाला. नाही होत. एका ॲपवरचं हरणं दुसऱ्या ॲपवरच्या जिंकण्यातून वजा धरत नाहीत. "म्हणजे हरूनसुद्धा टॅक्स?" मी काय बोलणार, त्याला चहा पाजला.

मग जुलै 2025 मध्ये विधान परिषदेत राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ फिरला. मंत्री म्हणाले, खेळत नव्हतो, जाहिरात बंद करत होतो. असेलही, त्या जाहिराती बंद करत बसणं हे त्या काळात पूर्णवेळ काम होतं. पुढे त्यांच्याकडचं कृषी खातं काढून त्यांना दुसरं दिलं. कुठलं? क्रीडा!

महिन्याभरात केंद्रानं कायदा आणला. 20 ऑगस्टला लोकसभा, 21 ला राज्यसभा, 22 ला राष्ट्रपतींची सही. पैशाचे ऑनलाईन खेळ बंद, कौशल्य असो वा नशीब. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. पंचेचाळीस कोटी लोक वर्षाला 20,000 कोटी घालवतात असा सरकारचा अंदाज. भागाकार केला तर माणशी साडेचारशेसुद्धा येत नाहीत, पण माझ्याकडे येणारे लोक सरासरीतले नसतात. त्या सप्टेंबरात आशिया चषक आपण कोऱ्या जर्सीवर खेळलो आणि जिंकलो. मला ती जर्सी फार आवडली.

तर बंदी चांगली का? जाहिराती बंद झाल्या हे शंभर टक्के चांगलं. रात्रीच्या मॅचमध्ये दर षटकाला लाडके खेळाडू आमच्या पोरांना "टीम लाव" म्हणायचे, ते थांबलं. बाकी, पोरं गेली 'आयडी'वर. टेलिग्रामवर कुणीतरी आयडी देतो, पैसे अनोळखी युपीआयवर टाकायचे, पॉइंट मिळतात. ना टीडीएस, ना केवायसी, आणि हरून बुडाला तर वसुलीला फोन येतात ते वेगळ्या भाषेत. आपल्या पेपरात अजून "जुगार प्रतिबंधक कायदा कलम 12 (अ) नुसार गुन्हा, 740 रुपये जप्त" अशा बातम्या येतात. मूळ कायदा 1887 चा. आयडीवाला दुबईत आहे की विजापूर रोडला, कुणाला पत्ता नाही.

मला स्वतःला एक जुनी गोष्ट पटते. ब्रिटननं 1960 च्या कायद्यानं बेटिंगची दुकानं कायदेशीर केली, 1961 पासून ती उघडली. पण मुद्दाम उदास ठेवली. बाहेरून आतलं दिसता कामा नये, टीव्ही नाही, चहापाणी नाही, रेंगाळायला काही नाही. ये, लाव, जा. ज्याला लावायचंच आहे त्याला गुन्हेगार करायचं नाही, पण ज्याच्या डोक्यात नाही त्याला बोलवायचंही नाही. 1986 मध्ये टीव्ही आणि चहा आला. 2005 च्या कायद्यानं, तो 2007 मध्ये लागू झाला, टीव्हीवरच्या जाहिरातींना वाट मोकळी झाली. फुटबॉल क्लबांच्या छातीवर बेटिंग कंपन्या वाढत गेल्या, आणि 2023 मध्ये तिथलेच प्रीमियर लीगचे क्लब शर्टाच्या पुढच्या बाजूवरून त्या काढायला तयार झाले. परवानगी दिल्यानं तेवढं बिघडलं नव्हतं. गिऱ्हाईक शोधत फिरायची मुभा दिली आणि बिघडलं.

उद्या आपल्याकडे पुन्हा परवाने निघाले, आणि निघतील, कारण 28 टक्क्यांची चव सरकारच्या जिभेवर आहे, तर मला ती उदास दुकानं चालतील. चेंडूगणिक भाव नको. रात्री दहानंतर पैसे भरणं नको. आज टाकलेले पैसे उद्या वापरता यावेत, मध्ये एक झोप जाऊ द्यावी. कंपन्या म्हणतील, असं केलं तर धंदा वाढणार नाही. बरोबर आहे, वाढू नये म्हणूनच म्हणतोय.

मागच्या महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्याचा मुलगा बँकेचं स्टेटमेंट घेऊन आला. वडिलांना बरं नाही, आता कारखाना तोच बघतो. मी पेन्सिल घेऊन ओळीओळीनं खुणा करत होतो. सुताचे पैसे, लाईट बिल, कामगारांची उचल. मग एका भाजीवाल्याच्या नावावर पाच हजार. रात्री एक वाजून बत्तीस मिनिटं. पुन्हा पाच हजार, एक चाळीस. मग दहा. मी चष्म्यावरून बघितलं.

"एवढ्या रात्री भाजी कुठं मिळते रे?"

तो जिन्याकडे बघत होता. पप्पा वरच्या दुकानात बसलेत, हळू बोला म्हणाला. मग म्हणाला, "सर, ते किराणात टाका की."