संत्र्यांना बदनाम करू नका, आणि बीपीची गोळी तर मुळीच सोडू नका

"डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत" असं वर, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. हा मेसेज सध्या नागपुरातल्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. थोडक्यात म्हणणं असं : बीपीच्या गोळीसोबत संत्रं-मोसंबी म्हणजे विष, हमखास हार्ट अटॅक. बाकी कुठलीही गोळी दुधासोबत घ्या, गरम पडत नाही. रक्त पातळ करायची गोळी असेल तर पालेभाजी कायमची बंद. आणि रोज मेथीदाण्याचं पाणी घेतलं की शुगरची गोळी सोडता येते.

दुर्लक्ष केलं असतं, पण तो माझ्या आत्यानं वाचला. काटोलहून संत्र्यांचं टोपलं आलेलं, टेबलावर तिच्या बीपीच्या गोळीची, अ‍ॅमलोडिपिनची पट्टी. दोन्ही एकत्र चालत नाही म्हटल्यावर तिनं अस्सल नागपुरी निर्णय घेतला. संत्री ठेवली, गोळी सोडली. वरचा आकडा १८० ला टेकला तेव्हा घरात कळलं. विचारलं तर म्हणते, "संत्री खाऊन राहिली नं मी, मग गोळी काऊन घेऊ? विष होते म्हणे."

तर आधी संत्र्याचंच. ही अफवा अगदीच हवेतून आलेली नाही, हे मान्य करावं लागतं, आणि राग त्याचाच जास्त येतो. मूळ भानगड ग्रेपफ्रूट या पपनसासारख्या परदेशी फळाची आहे. कॅनडातले डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकात फेलोडिपिन या बीपीच्या औषधावर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव लपावी म्हणून ती ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळली, आणि रक्तात औषध भलतंच जास्त निघालं. दोष दारूचा नव्हता, रसाचा होता. मग १९९१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास आला. बीपी काठावर असलेले सहा पुरुष, तीच गोळी; एकदा पाण्यासोबत, एकदा ग्रेपफ्रूटच्या रसासोबत, एकदा संत्र्याच्या रसासोबत. ग्रेपफ्रूटसोबत रक्तात पोचलेलं औषध पाण्याच्या तुलनेत सरासरी २८४ टक्के, जवळपास तिप्पट. आणि संत्र्याच्या रसानं? काही फरक नाही. अभ्यास लहान आहे, पण ग्रेपफ्रूटची सगळी चर्चा सुरू झाली ती इथूनच, आणि त्याच कागदावर संत्रं निर्दोष सुटलेलं आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं आरोपीला सोडून साक्षीदाराला फासावर चढवलं.

कारणही साधं आहे. आतड्याच्या अस्तरात सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम असतं. काही औषधांचा बराच भाग ते रक्तात जाण्याआधीच मोडून टाकतं, आणि डोस ठरवताना ही घट धरलेली असते. ग्रेपफ्रूटमधली फ्युरानोकुमरिन नावाची द्रव्यं हे एन्झाइम निकामी करतात. नवं तयार व्हायला एक-दोन दिवस सहज जातात, त्यामुळे "रस सकाळी, गोळी रात्री" हा उपायही फुकट. सिमव्हास्टॅटिन, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनाही हाच धोका. आपलं नागपुरी संत्रं मँडरिनच्या जातीचं, त्यात ही भानगड नाही. पपनसात मात्र आहे, कारण ग्रेपफ्रूट हा पपनस आणि गोड संत्र्याचाच संकर. अशा गोळ्या चालू असतील तर पपनस टाळा. राहिली आत्याची अ‍ॅमलोडिपिन. ती फेलोडिपिनच्याच घराण्यातली, पण तिचा मोठा भाग तसाही रक्तात पोचतो, त्यामुळे ग्रेपफ्रूटनंसुद्धा तिच्यात फारसा फरक पडत नाही. आणि आत्यानं ग्रेपफ्रूट आयुष्यात पाहिलेलं नाही!

उलट गोळी सोडण्याचं बघा. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारखी बीपीची गोळी एकाएकी बंद केली तर छातीत दुखणं, नाडी धावणं, प्रसंगी अटॅकसुद्धा येऊ शकतो. ज्याची भीती घातली तेच हा मेसेज घडवून आणू शकतो.

दोन अपवाद सांगतो. अ‍ॅलर्जीची फेक्सोफेनाडिन संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसासोबत घेऊ नका. ती कमी शोषली जाते. विष होत नाही, गोळी वाया जाते. आणि किडनीचा त्रास असताना टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही बीपीची गोळी चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं; फळं, नारळपाणी किती चालेल ते डॉक्टरांना विचारा.

दुधाचा सल्ला तर सरळ उलटा. टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकला दुधातलं कॅल्शियम पकडून ठेवतं, औषध रक्तात कमी जातं. लोहाची गोळी दूध किंवा चहासोबत नको. थायरॉईडची गोळी उपाशी पोटी, साध्या पाण्यासोबत; चहा अर्ध्या-एक तासानं, कॅल्शियमची गोळी चार तासांनी. आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर मात्र पोटात काही असताना घ्यावी, हे खरं. तेवढ्यावरून यांनी सगळ्याच गोळ्यांना दूध पाजलं.

पालेभाजीचं अर्धं खरं आहे. वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रोम ही रक्त पातळ करायची गोळी व्हिटॅमिन केच्या विरोधात काम करते आणि पालक-मेथीत ते भरपूर असतं. पण डोस ठरतो तो तुमच्या नेहमीच्या जेवणावर, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासून. आठवड्यातून दोनदा पालकाची पातळभाजी होत असेल तर होऊ द्या. एकदम बंद केलीत तर तोच डोस जास्त होऊन रक्तस्राव होऊ शकतो. महिनाभर न खाता मग रोज ताटभर खाल्लीत तर औषध कमी पडतं. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांनाही लोक रक्त पातळ करायची गोळी म्हणतात, पण त्यांचा व्हिटॅमिन केशी संबंधच नाही. त्यांच्यासाठी पालक सोडणारे उगाच उपवास करतात.

मेथीदाण्यानं शुगर थोडी उतरते, पण ती गोळीची जागा घेत नाही. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना वरून भरपूर मेथी किंवा कारल्याचा रस घेतला तर शुगर जास्त खाली जाऊन चक्कर येऊ शकते.

"डॉक्टर सांगत नाहीत" यात मात्र थोडं तथ्य आहे. भरलेल्या ओपीडीत कोण कोणाला समजावत बसणार? मेडिकलमधून पट्टी कापून मिळते, माहितीचा कागद खोक्यातच राहतो. तेव्हा काउंटरवर पैसे देतानाच विचारा : उपाशी पोटी की जेवून, चहा किती वेळानं, आणि आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांसोबत चालेल का.